डार्ट लागल्यानंतरचा काळ

महोदय,

गवा, गेंडा, जिराफ यांना उपचारासाठी बेशुद्ध केल्याच्या बातम्यांत डार्ट, म्हणजे भुलीच्या औषधाची सुई, लांबून मारणाऱ्याचा नेम तेवढा गाजतो. खरी कसोटी त्यानंतरची. जिवाच्या आकांताने लांबवर पळालेल्या हरणाचे अंग तापते, स्नायू आतून निकामी होतात. ते उठून चालू लागते आणि काही दिवसांनी मरते. म्हणून पाठलाग नको, भर उन्हाची वेळ नको आणि गर्दी तर मुळीच नको. बघ्यांना आवरणे हाही उपचारच आहे!

जनावर खाली बसले की डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. रवंथ करणाऱ्याला कुशीवर पडू देऊ नये. छातीवर बसते ठेवून मान उंच आणि नाकपुड्या खाली धराव्यात, म्हणजे लाळ व पोटातले पाणी श्वासनलिकेत न शिरता बाहेर गळते. एका माणसाने फक्त श्वास मोजावेत. जिराफाला तर बहुधा आडवा होताच भुलीवरचा उतारा देतात आणि मान दाबून धरून पुढचे काम उरकतात.

अशा डार्टमध्ये भरले जाणारे एटॉर्फिन हे भुलीचे औषध मॉर्फिनच्या हजारपटीहून तीव्र आहे. माणसासाठीचा उतारा हाताशी असल्याशिवाय त्याची कुपी कोणीही उघडू नये, ही माझी कळकळीची विनंती.

– एक पशुवैद्य