फोटोत कोपर कुठे होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला डॉक्टरसाहेबांचा लेख वाचला. कोकणातले लोक आधी हाडवैद्याकडे जातात, मग देवाला गाऱ्हाणं घालतात आणि पोराचं दुखणं हाताबाहेर गेलं की दवाखान्यात येतात, म्हणून मुलांच्या दुखापती उशिरा कळतात, असं त्यांचं म्हणणं. छान. आम्ही तासाभरात नेलं होतं, त्याचं काय?

गेल्या एप्रिलात माझा नऊ वर्षांचा नातू बोंडू काढताना काजीवरून पडला. रिक्षा करून थेट इस्पितळ. फोटो काढला, कोपराखालचं एक हाड मोडलंय म्हणाले, प्लास्टर घातलं. पोर रोज सांगत होतं, "आबा, मोडला थंय नाय, वर कोपरात दुखता." डॉक्टर म्हणाले, प्लास्टरमध्ये दुखायचंच. मग आम्हीही त्यालाच गप्प केलं.

पाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं. पूजा झाल्यावर तीर्थ द्यायला गेलो तर त्याने डावा हात पुढे केला. आजीने दटावलं तेव्हा उजवा केला, पण तळहात वर वळेचना. हात आडवाच राहिला आणि तीर्थ बोटांवरून ओघळून पाटावर सांडलं.

मग गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जुना फोटो खिडकीकडे धरला आणि विचारलं, "यात कोपर कुठे आहे?" फोटो कोपराच्या दोन बोटं खालून सुरू होत होता. कोपराखालच्या दोन हाडांतलं एक मोडलं की दुसरं कोपरातून निसटलेलं असू शकतं, म्हणून वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे फोटोत यायलाच हवेत, असं ते म्हणाले. पहिल्या दिवशी ते बहुतेक वेळा नुसतं ओढून बसवता येतं. आमच्यावर हाड कापून ऑपरेशन करायची पाळी आली, आणि हात अजून पुरता वळत नाही. या प्रकाराला मोन्तेजियाचं नाव आहे. मुलाने मोबाइलवर शोधलं, त्या इटालियन डॉक्टराने हे १८१४ साली लिहून ठेवलंय. पेशवाई बुडायला तेव्हा चार वर्षं होती! एवढ्या काळात बातमी घाटाखाली उतरली नसेल, तर चूक अर्थातच पालकांची.

फोटो काढणाऱ्या मुलाला मी बोल लावत नाही, कागदावर लिहिलं तेवढं त्याने काढलं. पण पडलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघायला किती वेळ लागतो? पहिल्या धावपळीत राहून गेलेलं तेव्हा तरी सापडेल. त्यावर लेखात एक ओळ नाही. 'जागरूक पालक' मात्र सहा वेळा आहे, मी मोजलं.

जाता जाता, भरती-ओहोटीच्या वेळा छापणं का बंद केलंत? त्या जागी आता कोचिंग क्लासची जाहिरात असते. कालवं काढायला जाणाऱ्या बायका सकाळी आमच्या पडवीत येऊन वेळ विचारतात, त्यांना मी काय वाचून दाखवू?

आपला,
एक आजोबा, ता. देवगड