वेग दुप्पट, थांबायला चौपट

संपादक महोदय,

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या दारव्हा तालुक्यात अंधार पडल्यावर रस्त्यावर ट्रॉल्या दिसतात. खरे तर दिसत नाहीत. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. आणि मागून येणारी पोरे म्हणतात, ‘ब्रेक चांगले आहेत ना सर!’

मी नववीला गतीचे नियम शिकवतो. तिन्ही समीकरणे मुलांना तोंडपाठ. म्हणून यंदा चुना घेऊन मैदानात गेलो. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. ब्रेकमुळे दर सेकंदाला वेग 5 मीटर प्रतिसेकंदाने घटतो असे धरले, तर गाडी 10 मीटरमध्ये थांबते. मग ताशी 72 ला? सगळा वर्ग ओरडला, ‘20!’ उत्तर 40, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय समोरचे दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच. तेवढ्यात आणखी 20 मीटर. एकूण 60. आमचे मैदान एवढे लांब कुठले! शेवटची खूण शेजारच्या तुरीच्या वावरात करावी लागली. मुले बराच वेळ त्या खुणेकडे बघत होती.

जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच. तिथेच मागच्या फळीला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवून मगच पावती द्यावी. परिवहन विभागाने या हंगामापासून एवढे तरी करावे.

– एक विज्ञान शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ