दुखापतीतून परतलेल्या खेळाडूच्या सरावाचा भार आपोआप दुप्पट होण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या मदत केंद्राला मी काल सायंकाळी केलेला चौथा फोन एकोणचाळीस मिनिटांनी संपला, आणि त्यानंतर हे पत्र लिहिण्यावाचून मला दुसरा मार्ग उरला नाही. फुटबॉल संघाचे व्यवस्थापन करण्याचा आपला गेम आपल्याला ठाऊक आहेच, त्यामुळे वैद्यकीय कक्ष म्हणजे काय आणि सरावाचा वैयक्तिक भार कोठे ठरवतात, हे समजावण्यात मी शाई घालवत नाही. ते काम मी काल एकोणचाळीस मिनिटे केलेले आहे.

गेममधल्या माझ्या संघात बावीस वर्षांचा एक डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेने धावणारा आक्रमक, आहे. वेग वीसपैकी एकोणीस, आणि हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या स्नायूची, दुखापत त्याच्या पाचवीलाच पुजलेली. हे आपल्याच स्काउटच्या अहवालात स्पष्ट लिहिले होते आणि ते वाचूनच मी त्याला विकत घेतले, कारण असा काचेचा हिरा सांभाळून हंगाम काढणे यातच या गेमची खरी गंमत आहे, निदान अकरा वर्षे होती. त्याला मी आठवड्यात दोनदा पहिल्या अकरांत कधीच घेतले नाही, साठाव्या मिनिटाला बाहेर काढले, त्याच्या सरावाचा भार निम्म्यावर ठेवला आणि त्याला प्रत्येक लांब प्रवासानंतर एक दिवस पूर्ण विश्रांती दिली. या पथ्यावर तो पहिले चौदा सामने एकदाही न लंगडता खेळला. त्यानंतर आपले ताजे अपडेट आले, आणि त्याच हंगामात त्याच मांडीचा तोच स्नायू चार वेळा फाटला.

पहिल्या वेळी मी नशिबाला दोष दिला, दुसऱ्या वेळी स्वतःला. तिसऱ्या वेळी वही घेऊन बसलो. खेळाडू दुखापतीतून परतला की त्याच दिवशी मी ठरवलेला ‘निम्मा’ भार, कोणतीही सूचना न देता, ‘दुप्पट’ होतो. खात्री करावी म्हणून तो परतला त्या दिवशीचा जतन केलेला खेळ (सेव्ह) मी वीस वेळा उघडून प्रत्येक वेळी तीन आठवडे पुढे नेला. भार हाताने पुन्हा निम्मा केला तेव्हा दहांपैकी एकदा तो जायबंदी झाला, आपल्या कृपेवर सोडला तेव्हा दहांपैकी सात वेळा. या सातही वेळा वैद्यकीय कक्षातील धोक्याचा रकाना हिरवा होता आणि त्यात ‘कमी’ असे लिहिले होते. वहीच्या पानांचे फोटो आणि स्क्रीनशॉट मी पहिल्याच तक्रारीसोबत पाठवले आहेत. ते कोणी उघडून पाहिल्याचे चिन्ह मला अद्याप दिसलेले नाही.

दुखापती कमी करा, अशी माझी मागणी नाही, हे मी चारही फोनवर सांगितले आहे आणि येथे पुन्हा सांगतो. प्रत्यक्ष फुटबॉलमध्ये त्या वाढतच आहेत. युएफा या युरोपच्या फुटबॉल महासंघाने तेथील मोठ्या क्लबांचा जो दीर्घ अभ्यास चालवला आहे, त्यात एकूण दुखापतींमधील हॅमस्ट्रिंगचा वाटा 2001-02 च्या हंगामात 12 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 24 टक्क्यांवर गेला. हा स्नायू परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच पुन्हा दगा देतो, हे फुटबॉल पाहणाऱ्या शाळकरी पोरालाही माहीत असते. नेमक्या त्याच आठवड्यांत आपला गेम भार दुप्पट करतो. आमच्या कोल्हापुरात एखाद्या प्रशिक्षकाने पेठेच्या संघातला लंगडता स्ट्रायकर असा पळवला असता, तर शाहू स्टेडियमवरच्या प्रेक्षकांनी त्याला घरच्या दारापर्यंत जाब विचारला असता.

आता कालच्या संभाषणाकडे येतो. बावीस मिनिटे संगीत ऐकल्यानंतर आपले प्रतिनिधी बोलू लागले. “माझ्या खेळाडूला चौथ्यांदा तीच दुखापत झाली आहे,” असे मी म्हणताच त्यांनी अत्यंत काळजीने विचारले, “सर, आत्ता पेशंट कुठे आहे?” पेशंट गेममध्ये आहे, असे मी सांगितले. थोडा वेळ शांतता. मग “सर, फोन एकदा बंद करून चालू केला का?” मी हा गेम संगणकावर खेळतो. “मग संगणक बंद करून चालू केला का?” केला. “इंटरनेट चालू आहे ना?” आहे. त्यानंतर मी भार, परतीचा दिवस, हिरवा रकाना हे सर्व पहिल्यापासून सांगितले, आणि पलीकडून कीबोर्डचा आवाज येत असल्यामुळे ते टिपून घेतले जात आहे, असा माझा भाबडा समज झाला. माझे संपल्यावर उत्तर आले, “सर, तुम्ही त्याच्या जागी दुसरा प्लेअर का नाही घेत?” मी वरिष्ठांशी बोलण्याची विनंती केली. वरिष्ठ बैठकीत होते. मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो की, ही चूक आपल्या अपडेटमधील आहे आणि माझ्याकडे तिचा पुरावा आहे. त्यावर ते हसले. मोठ्याने नव्हे, पण हसले, आणि म्हणाले, “सर, गेमच आहे शेवटी. एवढं मनावर नका घेऊ.”

महोदय, मनावर घेऊ नये अशा वस्तूचे आपण पैसे घेता. मूळ गेमची किंमत मी मोजलीच होती. त्यावर ‘प्रगत वैद्यकीय कक्ष’ या नावाच्या जोडणीसाठी आपण माझ्याकडून वेगळे 899 रुपये घेतलेत, आणि दुखापतीचा धोका आधी कळेल, हे तिच्या जाहिरातीतील पहिलेच वाक्य आहे. सात वेळा मांडी फाटण्याच्या आदल्या दिवशी हिरवा रंग दाखवणारा कक्ष प्रगत असेल, तर मागास कसा असतो ते एकदा पाहण्याची इच्छा आहे.

दोष केवळ या अपडेटपुरता असता तरी मी इतके लिहिले नसते. अशा खेळाडूंबद्दलची आपली समजूतच मुळात थिटी आहे. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबचा बचावपटू लेडली किंग गुडघ्यातील कूर्चा झिजलेली असताना आठवडाभर संघासोबत जवळजवळ सराव न करता शनिवारी उभा राहत असे आणि प्रीमिअर लीगचे आक्रमण अडवत असे. 2012 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याची अखेरची वर्षे अशीच गेली. आपल्या गेममध्ये मी एखाद्या बचावपटूचा सराव असा बंद केला, तर तिसऱ्या आठवड्यात तो चेंडू कोणत्या रंगाचा असतो हेही विसरतो. दुसरे उदाहरण उस्मान डेंबेलेचे. बार्सिलोनाने 2017 मध्ये त्याच्यासाठी 10.5 कोटी युरो मोजले आणि पुढच्याच महिन्यात त्याची हॅमस्ट्रिंग फाटून त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. तेथे त्याची कितीतरी वर्षे उपचारांतच गेली, पण पुढे पॅरिसला तोच माणूस सावरला आणि 2025 मध्ये त्याने चॅम्पियन्स लीग आणि सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी’ऑर दोन्ही मिळवले. आपल्याकडे मात्र दुखापतीची ओढ हा आकडा खेळाडूच्या जन्मकुंडलीत एकदा लिहिला की कोणत्याही फिजिओला, आहाराला, विश्रांतीला तो खोडता येत नाही. मग मी वर्षाकाठी दोन कोटी युरो खर्चून फिजिओंची फौज कशासाठी पोसतो? गेममधले पैसे आहेत, मान्य, पण ते मिळवण्यासाठी मी माझा उजवा बचावपटू विकला आहे.

माझी मागणी अशी आहे की, परतीच्या दिवशी भार आपोआप बदलण्याची चूक आपण लेखी मान्य करावी, ती दुरुस्त करणारे अपडेट कधी येणार ते कळवावे आणि वैद्यकीय कक्षाचे 899 रुपये परत करावेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. वही आणि स्क्रीनशॉट तेथेही सादर करता येतात. गुडविल म्हणून गेममधील नाणी देऊ नयेत. दुसऱ्या फोननंतर आपण पन्नास नाणी जमा केली होती, त्यांत फक्त गोलरक्षकाचे हातमोजे येतात.

अकरा वर्षांत आपल्या गेमच्या नऊ आवृत्त्या मी विकत घेतल्या, चार मित्रांना घ्यायला लावल्या, आणि त्यांपैकी दोघांनी काल माझ्याकडेच पैसे परत मागितले. ते थट्टेने मागत होते, अशी माझी समजूत आहे.

फोन संपताच मला संदेश आला की, आजच्या संभाषणाला पाचपैकी किती तारे द्याल. त्याचे उत्तर मी दिलेले नाही. त्या विंगरचे मात्र परवा पुनरागमन आहे, आणि भार निम्मा करण्यासाठी मी गजर लावून ठेवला आहे.

आपला,
अकरा वर्षांचा ग्राहक
कोल्हापूर