दोन लिस्टांची रांग शिकवणाऱ्या भाऊंना

भाऊ,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र खासगीतही पाठवता आलं असतं. पण हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतली रांग तुम्ही ज्या रीतीनं समजावली, ती गावात राहून शिकणाऱ्या इतर पोरापोरींपर्यंतही पोचावी, म्हणून चारचौघांत लिहितो आहे.

हिंगणघाट तालुक्यात कापसाच्या हंगामात वजनकाट्यासमोर बंड्या, ट्रॅक्टर, मेटाडोर उभे असतात, हे तुम्हाला सांगायला नको. कास्तकाराची रात्र तिथंच जाते. दुसरा काटा लावला तर थांबणं किती कमी होईल, एवढंच मला प्रोग्राममधून पाहायचं होतं. नियम सोपा, जो आधी आला तो आधी सुटला. पण हॅस्केलची लिस्ट फक्त पुढच्या टोकाला स्वस्त. शेवटी काही जोडायचं तर अख्खी लिस्ट नव्यानं बांधावी लागते, म्हणजे हजार गाड्यांमागे एक गाडी लावायला हजार पायऱ्या.

तुम्ही फोनवरच कागद घ्यायला लावला. पुढची लिस्ट सरळ, मागची उलटी. नवी गाडी मागच्या लिस्टच्या तोंडाशी ठेवायची आणि पुढची संपली की मागची उलटवून तिच्या जागी आणायची. उलटवायला वेळ लागतोच की, असं मी म्हटल्यावर तुम्ही एकाच गाडीवर बोट ठेवायला सांगितलं. ती मागं एकदा जाते, उलटवताना एकदा हलते, पुढून एकदा निघते. संपला तिचा खर्च. इतकं स्वच्छ उत्तर मला कुठंच मिळालं नव्हतं.

खरे आभार मात्र त्याच्या पुढच्या प्रश्नासाठी. मला एकच रांग एका काट्यानं आणि दोन काट्यांनी, अशी दोन्हीकडं चालवून पाहायची होती. हॅस्केलसारख्या फंक्शनल भाषेत जुनी रांग पुसली जात नाही, त्यामुळे ते सहज जमतं. तुम्ही विचारलंत, पुढं एकच गाडी आहे, मागं हजार आहेत आणि तिथूनच वीस वाटा फोडल्या तर? प्रत्येक वाट ते हजार पुन्हा उलटवणार! दर गाडीमागच्या सरासरी खर्चाचा सगळा हिशेब तिथं कोसळतो.

मग तुम्ही संगणकशास्त्रज्ञ ख्रिस ओकासाकींची युक्ती सांगितली, जी त्यांच्या १९९८ च्या पुस्तकात आहे. मागची लिस्ट पुढचीपेक्षा लांब झाली, की पुढची संपायची वाट न पाहता उलटवण्याचं काम लगेच पुढच्या लिस्टच्या शेवटी नोंदवून ठेवायचं. हॅस्केल आळशी भाषा, ते काम गरज पडेल तेव्हाच करते, आणि एकदा झालं की उत्तर त्या रांगेच्या सगळ्या वाटांना मिळतं. वाटा नोंदीच्या आधीच फुटल्या, तरी प्रत्येकीला त्या कामापर्यंत पोचायला पुढच्या जवळपास तितक्याच गाड्या काढाव्या लागतात. खर्च आधीच फिटलेला असतो. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला.

१९८१ ची हूड आणि मेलव्हिल यांची रांगही तुम्ही सांगितलीत, उलटवण्याचं काम दर पायरीला थोडंथोडं वाटून घेणारी. हॅस्केलमधलं तयार मॉड्यूल डेटा.सीक्वेन्स मात्र सगळ्यात शेवटी दाखवलंत. ते आधी दिलं असतं तर माझं काम भागलं असतं आणि हे सगळं माझ्या हाती आलं नसतं.

त्या वेळी काढलेल्या आकृत्या मी तालुक्याच्या कॉलेजातल्या दोन मुलींना दिल्या आहेत. त्यांना हीच रांग ओकॅमल या दुसऱ्या फंक्शनल भाषेत बांधायची आहे, आणि तिथं आळस आपण होऊन मागावा लागतो. त्या तुम्हाला फोन करतील. कृपया उचलावा.

तुमचा,
हिंगणघाट तालुक्यातला विद्यार्थी