चिप कंपन्यांच्या आर्थिक प्रकृतीविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

इंटेल, एएमडी आणि एनव्हिडिया यांपैकी कोणाचे शेअर घ्यावेत, असे बाबांनी विचारले होते. इंटेलचे नाव जुने, शिवाय भाव बराच उतरलेला, तेव्हा तेच सुरक्षित नाही का, असे आईचे म्हणणे होते. प्रश्न तुमच्या निवृत्तीनंतरच्या पैशांचा असल्यामुळे मी तिन्ही कंपन्यांचे अलीकडचे हिशेब शेजारी शेजारी ठेवून वाचले, आणि माझे मत आईच्या नेमके उलट झाले आहे.

इंटेलचा महसूल २०२१ मध्ये ७९ अब्ज डॉलर होता. २०२४ मध्ये तो ५३ अब्जांवर आला आणि त्या वर्षी जवळपास १९ अब्जांचा तोटा झाला. या तोट्याचा बराचसा भाग मालमत्तेचे मूल्य कमी करून दाखवल्यामुळे आणि करविषयक तरतुदींमुळे आलेला, म्हणजे कागदोपत्री आहे. मला अधिक काळजी वाटते ती आदल्या वर्षाची. २०२३ मध्ये १.७ अब्जांचा नफा दिसत होता, परंतु धंद्यातून हाती आलेली रोकड साधारण साडेअकरा अब्ज आणि कारखान्यांवर व यंत्रांवर झालेला खर्च पंचवीस अब्जांहून जास्त होता. इंटेल आपल्या बहुतांश चिप स्वतःच्या कारखान्यांत बनवते. असा कारखाना मागणी येण्याच्या कितीतरी आधी उभारावा लागतो आणि तो अर्धा रिकामा राहिला तरी घसारा, म्हणजे यंत्रे जुनी होत गेल्याबद्दल हिशेबात धरला जाणारा खर्च, थांबत नाही. आईला नियमित लाभांश हवा आहे, म्हणून हेही सांगते की इंटेलने तिमाही लाभांश २०२३ मध्ये ३६.५ सेंटवरून १२.५ सेंटवर आणला आणि २०२४ च्या शेवटच्या तिमाहीपासून तो पूर्णपणे थांबवला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने सुमारे १० टक्के हिस्सा घेतला, त्यामुळे कंपनीला आधार मिळाला हे खरे. पण तो हिस्सा नव्या शेअरच्या रूपाने आणि बाजारभावापेक्षा कमी दराने दिला गेल्यामुळे जुन्या भागधारकांचा वाटा तेवढा पातळ झाला.

एएमडीची गोष्ट मला मनापासून भावते. २०१५ मध्ये या कंपनीला ६६ कोटी डॉलरचा तोटा झाला होता आणि डोक्यावर दोन अब्जांहून अधिक कर्ज होते. आपले कारखाने तिने २००९ मध्येच वेगळे काढले होते, त्यामुळे कंपनीच्या प्रमुख लिसा सू यांच्या कारकिर्दीत हाती येणारा पैसा संशोधनाकडे वळवता आला. २०२४ चा १.६ अब्जांचा नफा जवळपास २६ अब्जांच्या महसुलापुढे तुटपुंजा दिसतो, कारण २०२२ मध्ये झायलिंक्स ही चिप कंपनी विकत घेतल्यावर तिच्या अमूर्त मालमत्तेचे (तंत्रज्ञान, ग्राहकसंबंध अशा गोष्टींचे) मूल्य दरवर्षी थोडे थोडे खर्ची टाकावे लागते. त्यात रोकड बाहेर जात नाही. त्या वर्षी सर्व भांडवली खर्च भागवून सुमारे २.४ अब्ज हाती उरले आणि कर्ज शिलकी रोकडीहून बरेच कमी होते. लाभांश मात्र ही कंपनी देत नाही.

आकड्यांच्या बळावर एनव्हिडियाच्या जवळपासही कोणी नाही. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात १३०.५ अब्जांच्या महसुलावर तिने जवळपास ७३ अब्ज निव्वळ नफा मिळवला. तरीही तीनच थेट ग्राहकांकडून या महसुलाचा सुमारे एक तृतीयांश भाग आला, आणि २०२५ मध्ये चीनसाठीच्या एच२० चिपवर अमेरिकेने निर्यात परवान्याची अट घालताच एकाच तिमाहीत साडेचार अब्जांचा फटका बसला. शिवाय बाजाराने या नफ्याची किंमत आधीच शेअरच्या भावात धरलेली आहे. कंपनी निरोगी आहे एवढ्यावरून आजचा भाव योग्य ठरत नाही.

बाबा, एएमडी आणि एनव्हिडिया यांत पैसे विभागले की जोखीमही विभागली जाईल, असे समजू नका. दोघींच्याही प्रगत चिप तैवानच्या टीएसएमसी या इतरांसाठी चिप बनवून देणाऱ्या कंपनीकडेच बनतात, तेव्हा तिथले संकट दोघींवर एकाच वेळी येईल.

म्हणून माझी विनंती अशी आहे की औषधपाण्याच्या आणि घरखर्चाच्या पैशांना हात न लावता, निम्मा झाला तरी चालेल एवढीच रक्कम यासाठी बाजूला काढावी, त्यातून एएमडीचे शेअर टप्प्याटप्प्याने घ्यावेत आणि इंटेल सध्या पूर्ण वगळावे. सलग चार तिमाही कारखान्यांचा खर्च इंटेलने स्वतःच्या धंद्यातील रोकडीतून भागवला, तर त्या कंपनीचा विचार आपण पुन्हा करू. ते आकडे मी दर तिमाहीला तुम्हाला लिहून कळवीन.

तुमची लेक