अझुलावर एक परिच्छेद लिही

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पानं काल रात्री वाचली आणि आज सकाळी परत वाचली. बाबांनाही वाचून दाखवली. वाचत असताना ते काही बोलले नाहीत, पण संपल्यावर कागद माझ्याकडून मागून घेतले आणि त्यांच्या फाइलमध्ये लावून टाकले. कुठल्या फाइलमध्ये, ते तुला सांगायला नको. लहान मुलांच्या एका मालिकेच्या शेवटावर इतका कसून विचार करता येतो आणि तो करणारा आपल्या घरातला आहे, याचा मला फार अभिमान वाटला. तिकडच्या नव्या लोकांसमोर ही पानं वाचायची आहेत म्हणालास. न घाबरता वाच. आवाज खाली जाऊ देऊ नकोस. वाक्याच्या शेवटी तुझा आवाज नेहमी खाली जातो.

या पत्रात मी फक्त मालिकेबद्दल लिहिणार आहे. ताईचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच बसले आहे.

तुझं म्हणणं असं की ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’चा शेवट म्हणजे पळवाट आहे. 2005 पासून 2008 पर्यंत, एकसष्ट भाग आंगला, म्हणजे जगाचा तोल राखणाऱ्या त्या ‘अवतारा’ला, त्या एका क्षणाकडे नेलं. अग्निराष्ट्राच्या राजाला, फायर लॉर्ड ओझाईला मारल्याशिवाय युद्ध थांबणार नाही, असं सगळे त्याला सांगतात. त्याच्या आधीचे अवतारही तेच सांगतात: रोकू सांगतो, क्योशी सांगते, कुरुक सांगतो. शेवटी यांगचेन, जी स्वतः त्याच्यासारखीच वायुपंथी, तीसुद्धा सांगते की जगासाठी स्वतःच्या आत्म्याची शुद्धी बाजूला ठेव. आणि एवढा पेच उभा केल्यावर समुद्रातून बेटाएवढं कासव येतं आणि शत्रूची शक्ती काढून घेण्याची विद्या त्याच्या हाती देतं. ‘लेखकांनी आंगला किंमतच मोजू दिली नाही,’ असं तू लिहिलंस. वाक्य चांगलं आहे. माझं उत्तरही ऐक.

दगडाच्या बाबतीत मी पूर्ण तुझ्या बाजूची आहे. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी ओझाईच्या मुलीची, अझुलाची वीज लागून आंगच्या शक्तीचं चक्र बंद पडतं, त्याआधी गुरू पथिक त्याला मोह सोडायला सांगतात, आणि एवढं सगळं उभं केल्यावर पाठीच्या त्याच व्रणावर एक टोकदार खडक आदळतो आणि चक्र उघडतं. ते आतून उघडायला हवं होतं. एवढ्या काळजीनं लिहिलेल्या गोष्टीत असं आयतं सापडलं की मन खट्टू होतं.

कासवाचं मात्र तसं नाही. वाळवंटातल्या ग्रंथालयाच्या भागात त्याचं चित्र आधीच येऊन जातं. तूच ते मला थांबवून दाखवलं होतंस. आणि खरा प्रश्न शेवटच्या चार भागांत उपटलेला नाही. आंगची मैत्रीण कटारा आईच्या मारेकऱ्याला शोधायला निघते, तो भाग आठव. यॉन रा तिच्यासमोर चिखलात गुडघे टेकून बसलेला असतो, पावसाच्या थेंबांचे भाले तिनं त्याच्यावर रोखलेले असतात आणि ती हात आवरते. नंतर ती आंगला स्पष्ट सांगते की मी त्याला माफ केलं नाही, कधी करणारही नाही. मग ओझाईचाच मुलगा झुको, जो आता आंगच्या बाजूला आलेला आहे, आंगला विचारतो, माझ्या बापासमोर उभा राहशील तेव्हा काय करशील? आंगकडे उत्तर नसतं. शेवटाची पायाभरणी तिथे झाली आहे.

किमतीचं म्हणशील, तर आंग शंभर वर्षं बर्फात होता आणि बाहेर आला तेव्हा त्याची माणसं संपलेली होती. त्यांची उरलेली एकच गोष्ट त्याच्याजवळ होती, त्यांची शिकवण. ओझाईला मारलं असतं तर त्यानं आपल्या लोकांचं शेवटचं जे काही होतं तेही संपवलं असतं. ते वाचवायला तो स्वतःला पणाला लावतो. विद्या चालवताना लाल प्रकाश त्याला जवळजवळ पूर्ण गिळतो, डोळ्यापर्यंत येतो. मन डळमळलं असतं तर तो स्वतःच नष्ट झाला असता, हे कासवानं सांगितलेलंच आहे. मला ती किंमत पुरेशी वाटते. तुला वाटत नसेल तर नको वाटू दे, पण तुझ्या पानांत यावर निदान चार ओळी हव्यात. समोरच्याची सगळ्यात भक्कम बाजू आधी मांडावी आणि मग तिच्याशी भांडावं. माणसांशी भांडतानाही तसंच असतं. समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकायच्या आधी फोन ठेवून

बरं. हे वाक्य अर्धंच सोडते. खोडत नाही, पण पुढेही नेत नाही.

आता आयरो, झुकोचे काका. तुझ्या पानांत आयरोवर एकच ओळ आहे आणि तिथे मी थांबले. मला विचारशील तर त्या मालिकेचा खरा शेवट त्या तंबूत होतो. झुको रात्रभर काकांच्या शेजारी बसून राहतो, ते उठतील तेव्हा काय बोलायचं याची जुळवाजुळव करत. ते उठतात. तो माफी मागायला लागतो, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत आयरो त्याला ओढून मिठीत घेतात. म्हणतात, मी रागावलो नव्हतोच, मला दुःख झालं होतं, तू वाट चुकलास की काय ही भीती होती. लेखकांना तिथे मोठं भाषण घालता आलं असतं. झुकोनं बा सिंग से शहरात काकांशी केलेल्या घाताचा हिशेब मांडता आला असता. त्यांनी मिठी आधी ठेवली.

त्या मिठीतला आवाज पहिल्या दोन पर्वांतला नाही, हे तुलाच ठाऊक असेल. माको 2006 मध्ये गेले आणि पुढचा आयरो ग्रेग बाल्डविन यांनी केला. मुलाच्या आठवणीत टेकडीवरच्या झाडाखाली बसून गाणारा आयरो ज्या भागात आहे, तो भाग माको यांना अर्पण केलेला आहे. ताईनं ती पाटी वाचून सांगितली तेव्हा तू विचारलं होतंस, म्हणजे आयरो मेला का? आणि दिवसभर कुणाशी बोलला नव्हतास.

बघ, ताई आलीच. आता आलीच आहे तर लिहिते.

तुम्ही दोघं ती मालिका बघायचा तेव्हा तुला इंग्रजी फारसं कळायचं नाही आणि मला तर त्यांच्या वेगाला पोचताच यायचं नाही. ताई शेजारी बसून सगळं मराठीत सांगायची. सगळ्यांचे आवाज काढून. टॉफचा तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून बसायची आणि तिला त्यावरून बोलणी मी दिली, तुला नाही. शेवटचा भाग संपला तेव्हा तू रडत होतास. आंग जिंकला होता, झुकोला मुकुट मिळाला होता, चहाच्या दुकानात सोकाच्या चित्रावरून सगळे त्याला चिडवत होते, सगळं छान झालं होतं, आणि तू रडत होतास. का, तर अझुलाला जाळीला साखळीनं बांधून ठेवलंय आणि तिला कुणी सोडवलंच नाही.

ताईनं तुला सांगितलं की झुको नंतर तिला सोडवतो आणि दोघं मिळून आईला शोधायला जातात. तिनं ते तिथल्या तिथे रचलं होतं, तू झोपावास म्हणून. पुढे 2013 मध्ये ‘द सर्च’ नावाची चित्रकथा आली आणि झुको अझुलाला इस्पितळातून बाहेर काढून खरंच आईच्या शोधात निघतो, हे कळलं तेव्हा ताईला झालेला आनंद मी पाहिला आहे. तू तेव्हा कुठल्याशा शिबिराला गेला होतास. तिनं तुझ्यासाठी ते वहीत उतरवून ठेवलं होतं.

म्हणून तुझी पानं वाचताना मला आत कुठेतरी लागलं. तू लिहिलंस की अझुलाचा शेवट हा त्या मालिकेतला एकमेव प्रामाणिक शेवट आहे; तिनं पेरलं तेच उगवलं. ज्या मुलाला तिच्यासाठी झोप लागली नव्हती, त्यानं हे लिहिलं?

ती चौदा वर्षांची आहे, निखिल. बापानं तिला हत्यारासारखी घडवली आणि राज्याभिषेकाच्या दिवशी एकटी टाकून गेला. चेरीतल्या एका बीवरून ती दासीला हाकलते, मग रक्षकांना, मग सगळ्यांनाच. स्वतःचे केस कापते. आरशात तिला आई दिसते आणि आई म्हणते, माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती ब्रश फेकून आरसा फोडते. त्या मुलीनं आईच्या तोंडून हे ऐकलेलं आपल्याला एवढंच दिसतं आणि तेही भासात. झुकोशी तिची लढाई होते तेव्हा संगीतही विजयाचं नाही, शोकाचं आहे. ती हरते, निळी आग ओकत ओरडत रडते, झुको आणि कटारा तिच्याकडे बघत उभे राहतात. आणि तिच्यापुरती मालिका तिथेच थांबते. मग झुको तुरुंगात बापाला विचारतो, माझी आई कुठे आहे? आणि तेही तिथेच तुटतं. उर्सा कुठे आहे हे प्रेक्षकांना कळायला त्या चित्रकथेपर्यंत, पाच वर्षं थांबावं लागलं. शेवट समाधानकारक होता का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, आंगपुरता होता, झुकोपुरता तर फारच सुंदर होता, पण एका आईला त्या घरातली मुलगी अंगणात बांधलेली दिसत राहते आणि तिचं समाधान होत नाही.

तू मला आयरोचंच वाक्य ऐकवशील, मला माहीत आहे. झुको म्हणतो, ती माझी बहीण आहे, मी तिच्याशी जुळवून घ्यायला हवं, असंच तुम्ही म्हणणार ना? आणि आयरो म्हणतात, नाही, ती वेडी आहे, तिला आवरायलाच हवं. हे वाक्य तू त्या रविवारी सगळ्यांसमोर ताईला उद्देशून वापरलंस. पण आयरो ते कधी म्हणाले ते बघ. आदल्याच भागात अझुलानं त्यांना आगीनं जखमी केलेलं होतं, ते अंथरुणातून जेमतेम उठून बसले होते. जखमी माणसाचं बोलणं म्हणजे कायमचा निकाल नसतो. आणि आपली ताई अझुला नाही. तू झुको नाहीस. सहीच्या बाबतीत कोण बरोबर होतं हे मी कधीच लिहिणार नाही, बाबांनीही लिहू नये असं मी त्यांना सांगितलं आहे.

तू निघालास तेव्हा ती आली नाही, हे तुला लागलंय. मलाही लागलं. पण ती घरातून तयार होऊन निघाली होती, हे मी तुला आतापर्यंत सांगितलं नव्हतं, कारण सांगू नकोस म्हणाली होती. अर्ध्या वाटेवरून परत गेली. मला भीती कसली वाटते ती एकदाच लिहिते. आज आम्ही मध्ये आहोत; हिचं त्याला, त्याचं हिला सांगतो. आम्ही नसू तेव्हा हे कोण करेल? दोघंही हट्टी. दोघंही वाट बघणारे, की आधी दुसऱ्यानं बोलावं.

फार बोलले. तुझ्या कामाबद्दल लिहायचं होतं आणि मी तुला धडे देत बसले, त्याबद्दल राग मानू नकोस. माफ करच, असंही मी म्हणत नाहीये. कटारानंही केलं नव्हतं आणि तरी ती पुढे जाऊ शकली. फक्त बोल तिच्याशी. काहीही बोल. मालिकेचं बोल.

आता कामाचं. कासवाचा परिच्छेद ठेव, तो जोरकस आहे. दगडाचा मुद्दा त्याच्या आधी घे, म्हणजे ऐकणारे तिथेच तुझ्या बाजूला येतील. आयरोला एका ओळीत उरकू नकोस. आणि अझुलावर एक परिच्छेद नव्यानं लिही. तुला पटेल तेच लिही, माझं लिहू नकोस. पण तेव्हा का रडला होतास ते आठवून लिही.

त्या चित्रकथेचा तपशील हवा असेल तर ताईची ती वही अजून आहे. माझ्याकडे नाही, तिच्याकडे आहे. तिचा नंबर बदललाय. बाबा आज संध्याकाळी तुला पाठवतील.

तुझी,
आई