तीन विमानं आणि माळ्यावरची ट्रंक

पुणे, २४ मे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

पेटी पोचली. वरचे दोन डझन खाऊन झाले, खालचे अजून गवतात आहेत. हे फोनवरही सांगितलं असतं, पण बाबा, फोनवर तुम्ही मध्येच "ते असू दे, पाऊस कसा काय तिकडे?" म्हणता आणि विषय बुडतो. म्हणून कागद घेऊन बसले.

विषय धाकट्या आजोबांचा. त्यांनी लढाईत तीन जपानी विमानं पाडली, हे मी तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की सातवीत निबंधात लिहून बक्षीसही घेतलं होतं. गेले सहा महिने जमेल तसं शोधते आहे. आधीच सांगून टाकते: पाडली नाहीत. एकही नाही. आता पत्र घडी करून ठेवू नका, पुढे वाचा.

लंडनमधल्या क्यू इथल्या सरकारी दप्तरखान्यात त्या वेळच्या स्क्वाड्रनांच्या, म्हणजे वायुदलाच्या तुकड्यांच्या, रोजनिश्या जपून ठेवल्यात. दोन तऱ्हेचे कागद असतात. एकात दिवसाचा गोषवारा, दुसऱ्यात एकेका उड्डाणाची नोंद: वैमानिक कोण, विमान कुठलं, सुटलं कधी, उतरलं कधी, काय दिसलं. थोडे पौंड भरले की प्रती मिळतात. मी १ नंबर स्क्वाड्रनचे १९४४ चे कागद मागवले. टायपिस्टाने आपलं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलंय, त्यातली एक तर चक्क बंगाली वाटते. त्यापायी दोन महिने आजोबा माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसले नाहीत.

लाहोरच्या वॉल्टनला सुरुवातीचं शिक्षण, मग अंबाला, मग पेशावरजवळच्या रिसालपूरला हरिकेन हे लढाऊ विमान. हरिकेनमध्ये जागा एकाच माणसाची. शिकवणारा बरोबर बसूच शकत नाही. पंखावर उभा राहून तो सगळं समजावतो आणि खाली उतरतो, म्हणजे पहिलं उड्डाणच एकट्याचं. ज्या मुलाने तोवर आगबोटीपेक्षा मोठं यंत्र जवळून पाहिलं नव्हतं, त्याला हे कसं वाटलं असेल कोण जाणे.

तिथून इम्फाळ. स्क्वाड्रनचे प्रमुख अर्जन सिंग, तेच पुढे वायुदलाचे मार्शल झाले. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून आली, कोहिम्याचा रस्ता तुटला आणि तो २२ जूनला मोकळा होईपर्यंत इम्फाळला धान्यापासून दारूगोळ्यापर्यंत सगळं विमानाने येत होतं. या वेढ्यात आपले आजोबा काय करत होते? बघत होते. बाबा, खरंच, त्यांचं मुख्य काम बघण्याचं होतं. शत्रूला शोधून त्याची खबर आणायची. विमानं जोडीने जायची, झाडांच्या शेंड्यांवरून. पुढचा खाली बघणार. मागचा डावी-उजवीकडे झोकांड्या घेत वर आणि मागे नजर ठेवणार, पुढच्याच्या पाठीवर कोणी येऊ नये म्हणून. जपानी दिवसा जंगलात दडून बसत आणि रात्री चालत. त्यामुळे दिसायचं ते चाकांचे ताजे ओरखडे, फांद्यांखालून निघालेला धूर, नदीकाठी चार खेचरं. ते ताशी दोनशे मैलांवर असताना मोजायचं, ध्यानात ठेवायचं आणि उतरल्यावर सांगायचं. आजोबांच्या नावापुढे बहुतेक दिवशी एवढंच आहे: अमुक रस्ता पाहिला, काही हालचाल नाही. एके ठिकाणी मात्र "सुमारे चाळीस खेचरं" असं आहे. त्या "सुमारे" शब्दावर मी बराच वेळ थांबले.

गंमत बघा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो तिथेच गेला. त्याला तीस वर्षं व्हायच्या आत भाट्याच्या खाडीपलीकडचा एक पोरगा त्याच्या मुलखावर घिरट्या घालत होता.

तीन विमानांची गोष्ट मग आली कुठून? ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या वायुदलाने हवेत पाडलेलं म्हणून एकच विमान सांगितलं जातं. ते ६ नंबर स्क्वाड्रनच्या वर्मांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये अराकानात, ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पाडलं. विमानं पाडायला जाणं हे बाकीच्यांचं कामच नव्हतं. धाकटे आजोबा स्वतः हे कधी बोलल्याचं तुम्हाला आठवतं का? मला वाटतं, ही मोठ्या आजोबांची कामगिरी. धाकटा भाऊ चार वर्षांनी घरी आला, ओटीवर माणसं जमली, विचारू लागली, आणि तो गप्प. कोणीतरी काहीतरी सांगायला हवंच होतं. आपल्याकडे पाहुण्याला रिकामा कोण पाठवतो?

मला मात्र तीन विमानांपेक्षा ती खेचरंच आवडली आहेत. आई, तू म्हणशील, हिला बक्षीस परत करावं लागू नये म्हणून समजूत घालतेय.

आता काम. माळ्यावरची काळी ट्रंक आगोटीच्या आत खाली काढा. बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही, गड्याला सांगा. त्यात जाड पुठ्ठ्याची, आडवी आखलेली वही मिळते का बघा. तारीख, विमान, काम, तास असे रकाने असतील आणि दर महिन्याच्या शेवटी वरिष्ठांच्या सह्या. वाळवी लागली असली तरी पानं सुटी करू नका. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात येते. जुने लखोटे असतील तर तेही राहू द्यात, त्यांवर आजोबांचा सेवा क्रमांक असू शकतो.

आणि एक विचारायचं आहे. झाडावरचे आंबे तुम्ही एकेक करून कधीच मोजत नाही. एक फांदी बघता, मग अशा किती फांद्या ते बघता, आणि आकडा सांगता. मलाही तसंच शिकवलंत, पूर्णगडच्या खाडीतल्या होड्या दाखवून. तुम्हाला हे कोणी शिकवलं? मोठ्या आजोबांनी नाही, त्यांना तर पैसे मोजतानाही दोनदा चुकायचं.

विहिरीजवळच्या कलमावर यंदा चारशे म्हणाला होतात. आई, प्रत्यक्षात किती उतरले ते त्यांना न विचारता मला कळव.

तुमची लेक